सोळा-तेराचा सेल्फ आणि खोटं बोलणारा काटा

सेल्फ लागत नाही म्हणून जे ट्रक माझ्या दारात येतात, ते बहुतेक आधी बॅटरीवाल्याकडे जाऊन आलेले असतात. मालकाच्या खिशात नव्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड असतं, तोंडावर वैताग असतो आणि सेल्फ आधीसारखाच रडत असतो. मी ट्रकचा वायरमन. मुंबई-आग्रा रस्त्यावर पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे माझा पत्र्याचा गाळा आहे. पावसाळा सरता सरता समोर टोमॅटोच्या क्रेटच्या गाड्या लागतात, थंडीत लाल कांद्याच्या. लाल कांदा उन्हाळीसारखा टिकत नाही. त्यामुळे भरलेली गाडी पहाटे सुरू झाली नाही, तर मालकाला वायरमन आठवतो आणि व्यापाऱ्याला मालक.

आमचा निफाड तालुका थंडीसाठी वर्तमानपत्रात येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकडी झाला की दुसऱ्या दिवशी बातमी ठरलेली. त्या दिवसांत माझा फोन साडेचारलाच वाजायला लागतो. पण थंडी गाडी बिघडवत नाही. वर्षभर झाकून राहिलेला बिघाड ती फक्त उघडा पाडते.

माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत सगळ्यांत जास्त भरणा सोळा-तेराचा, म्हणजे टाटा १६१३ चा. जुन्या टाटा गाड्यांवरचा आकडा वाचायला सोपा. पहिले दोन आकडे म्हणजे मालासकट वजन, टनांत. पुढच्या दोनांवर शून्य दिलं की साधारण हॉर्सपॉवर. म्हणजे सोळा टन आणि १३०. ही रीत जर्मन आहे. १९५४ साली टेल्कोने डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, तेव्हा इंजिनाबरोबर तीही आली. सोळा-तेराला टर्बो आहे. सायलेन्सरकडे जाणारा धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं, आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद निघते. गाडी कितीही जुनी झाली तरी ही व्यवस्था चोख चालते, अट एकच: तेल वेळेवर पोचलं पाहिजे. त्याबद्दल पुढे बोलतो.

सुरू होताना मात्र टर्बोचा काडीचा उपयोग नाही. धूरच नाही तर चाक कोण फिरवणार? तिथे डिझेल इंजिन आपल्या मूळ स्वभावावर असतं. पेट्रोलच्या गाडीत ठिणगीचा प्लग असतो, इथे नाही. पिस्टन हवेला सतराव्या हिश्शापर्यंत दाबतो, दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्या हवेत उडालेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. आता सेल्फने इंजिन हळू फिरवलं, तर दाबताना तयार झालेली उष्णता थंड भिंतींत जिरते, थोडी हवा रिंगांच्या फटीतून निसटते आणि फवारा पेटत नाही. मिनिटाला शंभर-दीडशे फेरे तरी मिळायला हवेत. म्हणून ‘इंजिन फिरतंय पण पकडत नाही’ ही तक्रार आली की मी आधी डिझेलकडे जात नाही. पंपवाला मात्र लगेच पंप उतरवायला निघतो, आणि एकदा उतरवलेला पंप बिल झाल्याशिवाय परत चढत नाही.

मी आधी ऐकतो. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नसेल तर किल्ली, फ्यूज किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर बघायची. एकच जाड ‘टक’ आला आणि पुढे शांतता, तर सोलेनॉइडने आपलं काम केलंय. पुढे मोटर फिरत नाही, म्हणजे ब्रश झिजलेत किंवा आतले कॉन्टॅक्ट जळालेत. ‘टकटकटकटक’ असा सलग आवाज म्हणजे करंट कमी पडतोय. सोलेनॉइड ओढतो, ओढल्याबरोबर व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढतो. आणि सेल्फ भन्नाट फिरतोय पण इंजिन ढिम्म असेल, तर पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगेत जात नाही. ह्या चार आवाजांत निम्म्या गाड्यांचं निदान होतं, पाना हातात न घेता.

सेल्फ जोरात फिरतोय, तरी पकडत नाही? मग क्लीनरला सायलेन्सरकडे उभं करायचं. सेल्फ मारताना पांढरट धूर येत असेल तर डिझेल आत जातंय, फक्त पेटत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. अशा वेळी मी सगळ्यांत आधी इंजिन बंद करायची ओढणी बघतो. तिची केबल गंजून अर्ध्यात अडकली की पंपाचा लिव्हर बंदच्या बाजूला राहतो, आणि लोक फिल्टर बदलत बसतात. ज्या गाड्या किल्लीनेच बंद होतात त्यांत तेच काम एक सोलेनॉइड करतो, आणि तो अडकायचा राहत नाही.

केबल बरी असेल तर गाडीने एअर धरली असणार. हीसुद्धा पहाटेचीच खोड. संध्याकाळी गाडी चालत आली, रात्रभर उभी राहिली आणि सकाळी हॅंडपंप मारल्याशिवाय उठेना. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या लाइनमध्ये डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. म्हणून तिथल्या फटीतून डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. वरून बघाल तर सगळं कोरडं. रात्रीतून लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत जातं आणि जागा हवा घेते. दोष बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतो: बॅंजो बोल्टचे पुन्हा पुन्हा वापरलेले तांब्याचे वॉशर, नाहीतर चिरलेला रबरी पाइप. त्या लाइनमध्ये तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा घाला, बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करायचा, फेस जाऊन निव्वळ डिझेल येईपर्यंत हॅंडपंप मारायचा, स्क्रू आवळायचा आणि तेच पंपावर. मात्र पंपापासून नोझलपर्यंतच्या स्टीलच्या नळ्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांत दोनशे बारच्या वर दाब असतो. तिथली बारीक चीळ कातडी भेदून आत जाते, वर टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडतं. अशी चीळ लागली तर मलम लावून बसायचं नाही, थेट मोठ्या दवाखान्यात जायचं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. सेल्फची तक्रार आणि मीटरची तक्रार लोक वेगळ्या सांगतात, वेगळ्या मिस्त्रींना दाखवतात आणि दोन्हीकडे पैसे देतात. जुन्या गाडीत ती बरेचदा एकच तक्रार असते.

गेल्या थंडीत एक सोळा-तेरा आली. मालक आमच्याच पट्ट्यातले, सगळे त्यांना नाना म्हणतात. नाना म्हणाले, “भाऊ, दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्या, सेल्फचे बुश-ब्रश बदलले, तरी सकाळी दुसऱ्या गाडीनं ओढावी लागते.”

ड्रायव्हर मागून म्हणाला, “आणि रात्री गाडी हीट मारते.”

“रात्रीच?”

“दिवसा नाही मारत, काका. दिवसा काटा मध्यावर. रात्री चालवली की लाल पट्ट्याजवळ जातो.”

त्या हीटपायी रेडिएटर धुऊन झाला होता आणि थर्मोस्टॅट काढून फेकलेला होता. (हा थर्मोस्टॅट काढायचा रोग आपल्याकडे फार. तो काढला की इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त खातं आणि लवकर झिजतं. पण ‘काढून टाका, कटकट नको’ असं सांगणारा मिस्त्री लोकांना हुशार वाटतो.) पाणी खरंच उकळलंय, बाहेर आलंय, असं मात्र एकदाही झालं नव्हतं. रात्र झाली म्हणून इंजिन तापत नाही. रात्री थंडी जास्त. रात्री गाडीत वेगळं काय होतं? दिवे लागतात. दुपारी दोनला गाळ्यासमोर गाडी सुरू ठेवून मी हेडलाइट लावायला सांगितले, मार्कर लावले, केबिनवरची रोषणाई लावली. टेंपरेचरचा काटा तिथल्या तिथे चढला. ऑइलचा काटाही हलला. डिझेलचा काटा मात्र जागेवर.

एवढ्यात उत्तर सापडलं होतं. टेंपरेचर आणि ऑइल ह्या दोन्ही काट्यांचे बल्ब, म्हणजे सेन्सर, इंजिनावर असतात, डिझेलचा फ्लोट टाकीत. टाकी चासीला जोडलेली. इंजिनावरचे काटे खोटं बोलतात आणि चासीवरचा खरं बोलतो, म्हणजे इंजिन आणि चासी ह्यांच्यातली अर्थिंग गेलेली.

ट्रकमध्ये वायर एकच बाजूची असते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचं लोखंड. बॅटरीची निगेटिव्ह केबल चासीला बांधलेली असते; पण इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी जोडणारी एक चपटी विणलेली पट्टी असते, अर्थिंगची. सेल्फचा सगळा करंट परत येतो तो ह्या पट्टीतून. चोवीस व्होल्टच्या गाडीत सेल्फ दोनशे अँपिअर तरी सहज ओढतो. पट्टीच्या जोडात ओहमचे तीन शतांश एवढा क्षुल्लक अडथळा आला तरी तिथे सहा व्होल्ट खाल्ले जातात. उरलेल्या अठरांत नवी बॅटरी काय करणार?

आणि काट्याचं असं. इंजिन सुरू झालं की करंट देतो अल्टरनेटर, आणि तोही इंजिनावरच. दिव्यांचा करंट चासीतून त्याच पट्टीने अल्टरनेटरकडे परतू बघतो, अडतो, आणि चासीच्या मानाने इंजिन थोडं निगेटिव्हला राहतं. टेंपरेचरच्या बल्बमधून त्यामुळे जरा जास्त करंट ओढला जातो. बल्ब गरम झाला की असंच होतं, म्हणून मीटर समजतं की पाणी तापलं. शिवाय बॅटऱ्यांचं चार्जिंगही ह्याच वाटेने, त्यामुळे त्या कायम अर्धपोटी. एका पट्टीने तीन तक्रारी दिल्या आणि नानांनी तीन बिलं भरली.

खात्री करायची म्हणून मल्टिमीटरची एक वायर इंजिनाच्या ब्लॉकवर टेकवली, एक चासीवर, आणि म्हटलं, मार सेल्फ. काटा सहा व्होल्टच्या आसपास. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. ड्रायव्हरने मग आठवून सांगितलं की हल्ली इंजिन बंद करायची ओढणी सकाळी गरम लागते. लागणारच. पट्टीतून वाट नाही म्हटल्यावर करंट त्या केबलमधून, ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, जिथून मिळेल तिथून परततो. अशा केबल जळून चिकटलेल्या मी पाहिल्या आहेत.

पट्टी तुटली नव्हती. बोल्ट घट्ट होता. पण पट्टीचा कान आणि चासी ह्यांच्या मधे काळ्या रंगाचा जाड थर होता. आठ वर्षांच्या पुढच्या ट्रकला दर वर्षी पासिंग करावं लागतं, आणि पासिंगच्या आधी गाडी रंगवून चकाचक करायची आपल्याकडे पद्धत. कोणीतरी काम करताना पट्टी सोडली, चासीवर फवारा मारला आणि ओल्या रंगावरच बोल्ट आवळला. मी रंग खरवडून लखलखीत लोखंड काढलं, दातेरी वॉशर घातला, वरून ग्रीस लावलं आणि दुसऱ्या बाजूला आणखी एक पट्टी जोडून दिली. सेल्फ पहिल्या झटक्यात लागला. दिवे लावले, काटा हलला नाही. थर्मोस्टॅट नवा बसवायला लावला.

अर्थिंगची ही परीक्षा घरची गाडी असलेल्या कोणालाही जमेल. जुन्या सुमोला, पिकअपला, ट्रॅक्टरला सगळं हेच लागू, फक्त बारा व्होल्टच्या हिशोबाने. सगळे काटे एकदम चुकत असतील तर मीटरच्या बोर्डाचा फ्यूज, सप्लाय किंवा अर्थिंग. इंडिकेटरच्या तालावर काटे नाचत असतील तर अर्थिंगच. एकटाच काटा चुकत असेल तर त्याचा बल्ब किंवा त्याची वायर. किल्ली चालू करून बल्बवरची वायर काढायची, काटा एका टोकाला जातो. तीच वायर क्षणभर लोखंडाला टेकवायची, काटा दुसऱ्या टोकाला. गेला तर मीटर आणि वायर ठणठणीत, बल्ब बदला. क्षणभरच टेकवायची, धरून ठेवली तर मीटर जळेल. आणि नवा बल्ब बसवताना पाणी गळू नये म्हणून आट्यांवर पांढरी टेप गुंडाळू नका. तो बल्ब आट्यांमधूनच अर्थिंग घेतो.

एअरच्या मीटरसाठी वायरमनकडे येऊ नका. तिथे बहुतेक जुन्या गाड्यांत वायरच नसते, वाकवलेली पोकळ नळी असते. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. १८४९ सालापासूनची ही बुर्दोंची नळी अजून चालते, आणि खोटं क्वचितच बोलते. काटा चढत नसेल तर हवा खरंच गळतेय. ज्या गाड्यांना स्प्रिंगचा हॅंडब्रेक आहे त्या हवा भरल्याशिवाय सुटतच नाहीत, म्हणून सेल्फ नाही लागला तर धक्का मारायचीही सोय नाही.

ऑइलच्या काट्याचा नियम मात्र वेगळा. टेंपरेचरचा काटा खोटा असेल असा संशय घेऊन तपासायला हरकत नाही. ऑइलचा काटा खाली बसला तर तो खरा मानून जागेवर इंजिन बंद करायचं आणि मग वाद घालायचा. टर्बोचा दांडा पूर्ण लोडवर मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो बुशमध्ये तेलाच्या थरावर तरंगत असतो. तेल थांबलं की काही सेकंदांत खेळ संपतो. गरम इंजिनाला आयडलवर एक बारच्या आसपास आणि रस्त्यावर तीन-चार दाखवत असेल तर निवांत असा. शंका असेल तर डिपस्टिक बघा, मग त्याच जागी नळीचं साधं मीटर लावून खरा दाब मोजा.

सकाळी इंजिन लागल्या लागल्या रेस करू नका, वरपर्यंत तेल चढायला अर्धा-एक मिनिट द्या. बंद करताना तर ह्याहून जपा. कसाऱ्याचा घाट लोड घेऊन चढलेली गाडी इगतपुरीच्या धाब्यावर लावली की ड्रायव्हर त्याच क्षणी बंद करतो, कारण भूक लागलेली असते. टर्बो लालभडक, तेल थांबलेलं, आणि दांड्याभोवतीचं तेल जळून कोळसा. दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, तोवर जेवणाची ऑर्डर देऊन या.

बॅटरीवाल्याला मी वर टोमणा मारला, पण बॅटऱ्या मरतात हेही खरं, आणि पुष्कळदा आपणच मारतो. ट्रकमध्ये बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. टेप आणि मोबाइलचा चार्जर बाराचा, म्हणून ड्रायव्हर त्यातल्या एकीवरूनच वायर काढतो. ती रोज रिकामी होते, दुसरी रोज उतू जाते, कारण चार्जिंग दोघींना मिळून एकच. काही महिन्यांत दोन्ही जातात. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा. बदलायच्या तर दोन्ही एकदम बदला. रात्रभर उभ्या गाडीच्या दोन्हींना मिळून पंचवीसच्या वर व्होल्ट हवेत, सेल्फ मारताना अठराच्या खाली जाता कामा नये, आणि इंजिन चालू असताना साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस. ह्यापुढे ग्रॅव्हिटी बॅटरीवाला बघेल.

चालू गाडीची बॅटरी केबल काढून ‘डायनॅमो चालतो का’ बघायची जुनी खोड सोडा. अल्टरनेटरचे डायोड त्या एका झटक्यात जातात. हौद्याला वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीची केबल काढा आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या शेजारीच लावा. थंडीत एअर फिल्टरपाशी पेटता बोळा धरणारे अजून दिसतात. टर्बोच्या गाडीत तो बोळा किंवा त्याचा तुकडा आत ओढला गेला, तर टर्बोचा पंखा खलास.

पासिंगचा महिना जवळ असेल, तर गाडी रंगाऱ्याकडे सोडण्याआधी अर्थिंगचे बोल्ट त्याला हात लावून दाखवा: बॅटरीची निगेटिव्ह केबल जिथे चासीला बांधली आहे तो, आणि इंजिनाच्या पट्टीचे दोन्ही टोकांचे. त्यांच्यावर चिकटपट्टी मारायला सांगा, आणि गाडी परत घेताना ती काढली आहे ना तेही बघा.